बॅटरीखालचा कपलर

दोरी बांधून ओढत आणलेली गाडी दिसली की माझं डोकं फिरतं, आणि ती परत परत तीच गाडी असेल तर विचारूच नका.

खोपटच्या एसटी डेपोमागच्या गल्लीत माझं दुकान आहे. दुकान म्हणजे एक शटर, बाहेर दोन गाड्या कशाबशा उभ्या राहतील एवढी जागा आणि वर पाटी, 'सुधीर ऑटो इलेक्ट्रिक'. एकतीस वर्षं मी गाड्यांची वायरिंग करतोय. मला राग लवकर येतो, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. गिऱ्हाईक मला शहाणपण शिकवायला लागलं की मी चावी त्याच्या हातात ठेवतो आणि रस्ता दाखवतो. तरी लोक येतात, कारण माझ्याकडे फॉल्ट सापडतो. म्हणजे, सापडायचा.

दामाजीकाकांची गाडी चौदा वर्षांची, सात सीटची, डिझेल. काका डोंबिवलीच्या मोठागावचे कोळी. सत्तरी उलटलेली. आधी त्यांची खाडीत होडी होती. खाडीचं पाणी काळं झालं, जाळ्यात माशांपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, तेव्हा त्यांनी होडी विकून ही गाडी घेतली. तिच्यातून मासळी वाहिली, शाळेची मुलं नेली. आता दोन वर्षं ती एकाच कामाला होती. मंगळवार, गुरुवार, शनिवार आवडाकाकींना डायलिसिसला नौपाड्यात न्यायचं आणि परत आणायचं. मागच्या सीटा काढून काकांनी तिथे फळ्यांची खाट ठोकली होती, वर गादी, बाजूला पकडायला जुन्या जाळ्याची दोरी. डायलिसिस झाल्यावर काकींना बसवत नसे. पाय वळायचे, उलटी व्हायची. रिक्षावाले एकदा नेत, दुसऱ्यांदा ओळख दाखवत नसत. त्यामुळे ही गाडी बंद पडून चालणार नव्हतं. बाकी कुठलीही गाडी चार दिवस माझ्या दारात पडली तरी मला झोप लागते, हिच्या बाबतीत लागेना.

आणि ती बंद पडत होती. चांगली चालता चालता इंजिन एकदम गप्प. काचेखालचा इंजिनचा दिवा लागायचा, कधी लागायचाही नाही. अर्ध्या तासाने आपली आपण चालू. माझ्या दारात आली की मात्र अशी चालायची की जणू मीच खोटारडा.

"मिस्त्री, परत बंद परली रं," काका दोरी सोडत म्हणायचे. आवाजात तक्रार नसायची. तक्रार असती तर बरं झालं असतं, मला उलट ओरडता आलं असतं.

पहिल्यांदा मी रिले, म्हणजे करंट चालू-बंद करणारी डबी, बदलला. दुसऱ्यांदा बॅटरीच्या तारा. तिसऱ्यांदा क्रँकचा सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय की नाही ते कंप्युटरला सांगणारा डोळा. प्रत्येक वेळी त्याच फेरीत बॅटरीखालचा कपलरही उघडून साफ करायचो. कपलर म्हणजे दोन वायरिंग एकमेकांत बसतात तो प्लास्टिकचा जोड. त्यावर पांढरी-हिरवी पूड जमलेली असायची. खाडीकाठची गाडी, खारा वारा, पूड जमणारच. मी ब्रश मारायचो, फुंकर मारायचो, पुढे जायचो. गाडी दहा-बारा दिवस नीट चालायची. मला वाटायचं, रिलेच होता. मग वाटायचं, सेन्सरच होता.

तिसऱ्या वेळी काकी गाडीतच होत्या. खाटेवर आडव्या, डोक्याखाली हात, नाकात मोठी नथ. मी बॉनेट आपटून बंद केलं आणि सगळ्यांसमोर मिशीवर हात फिरवला. माझी मिशी भरघोस आहे. बापाकडून मला तेवढी एकच इस्टेट मिळाली.

"आता फॉल्ट सापडला नाही ना काकी, तर ही मिशी उतरवीन."

"नको रं बाबा," काकी आतून म्हणाल्या. "मिशी उतरल्यावर तुझे तोंडावर काय रवनार? नुसता राग."

डेपोतले दोन कंडक्टर चहा पीत उभे होते, ते खो खो हसले. मीही हसलो. तेव्हापासून दर वेळी गाडी दारात आली की खिडकीतून पहिला प्रश्न तोच. "मिशी हाय का रं अजून?"

गटारी अमावास्येनंतरच्या शनिवारी सकाळी सव्वासातला काकांचा फोन आला. गाडी माणकोलीच्या पुलावर, मधोमध बंद. काकी आत.

मी स्कूटर काढली. माजिवड्याचा ट्रॅफिक कापत पोचायला पन्नास मिनिटं लागली. पूल लांबलचक आहे, खाली खाडी, वर सावलीचा पत्ता नाही. ऊन नव्हतं, पण हवा अशी दमट की सदरा अंगाला चिकटला होता. काका गाडीच्या मागे उभं राहून हाताने ट्रक बाजूने जायला सांगत होते. काकींच्या पायांवर सूज दिसत होती. त्यांनी मिशीचं विचारलं नाही. श्वास घेताना गळ्यातून बारीक आवाज येत होता.

मी टेस्ट लॅम्प काढला. टेस्ट लॅम्प म्हणजे साधी वस्तू, एका टोकाला चिमटा, दुसऱ्या टोकाला सुई, मध्ये छोटा बल्ब. चिमटा बॅटरीच्या मायनसला लावायचा आणि सुईने वायर टोचत जायचं. बल्ब लागला तर तिथपर्यंत करंट आहे. जिथे लागत नाही, तिथे रोग. एकतीस वर्षं मी ह्या बल्बवर पोट भरलंय. त्या दिवशी मी टोचेन तिथे तो लागत होता. फ्यूज, रिले, पंप, सगळीकडे लख्ख. गाडी मात्र चालू होत नव्हती. मी परत पहिल्या फ्यूजपासून टोचत आलो. पुलावरचा प्रत्येक ट्रक हॉर्न मारून जात होता आणि मी प्रत्येकाला शिवी देत होतो. कारण तेवढंच मला जमत होतं.

"नव वाजले रं," काका म्हणाले. नौपाड्यात काकींची वेळ आठची होती. त्यांचं मशीन आता दुसऱ्या पेशंटला दिलेलं असणार.

साडेनऊला मी टेस्ट लॅम्प रस्त्यावर आपटला आणि ॲम्ब्युलन्सला फोन केला. ती यायला पाऊण तास. काकींना हलवताना त्यांनी माझं मनगट धरलं होतं, ते सोडवून घ्यावं लागलं. ॲम्ब्युलन्स गेली. काका त्यांच्याबरोबर गेले. मी एकटा पुलावर, समोर उघडं बॉनेट. सहज चावी फिरवली.

गाडी एका सेल्फला चालू झाली.

मी स्टेअरिंगवर डोकं टेकून रडलो, हे आजवर कोणाला सांगितलेलं नाही. काकी पाच दिवस आयसीयूत होत्या. फुप्फुसात पाणी भरलं होतं.

त्यानंतर मी ते केलं जे आयुष्यात करणार नाही म्हणून सांगत फिरायचो. गाडी नौपाड्यात मुकुलकडे नेली. मुकुलचं चकाचक गॅरेज आहे. एसी, काचेचा दरवाजा आणि लॅपटॉपला जोडायचा स्कॅनर. मी त्याला आजवर 'डेटा ऑपरेटर' म्हणत आलो. त्याने स्कॅनर लावला, दोन तास गाडी फिरवली आणि मला खुर्ची दिली.

"सुधीरदादा, एरर सात येतायत. सातही वेगवेगळे. मी पुसले, परत चालवली, तर एकही नाही."

"म्हणजे काय?"

"म्हणजे कुठेतरी लूज आहे. कुठे, ते हे मशीन नाही सांगत." तो माझ्याकडे न बघता म्हणाला, "पूर्ण वायरिंग बदला नाहीतर गाडी स्क्रॅपला द्या. राग नका मानू."

राग मानायला माझ्याकडे तोंड नव्हतं. मुकुलने चहाही पाजला. तो चहा मला अजून आठवतो, इतका चांगला होता. अर्धा कप तसाच ठेवून मी निघालो.

नारळी पौर्णिमेला काकांच्या लेकीचा, दक्षताचा फोन आला. ती कल्याणला दिलेली, सणाला माहेरी आली होती. "सुधीरदादा, बाबा सांगतायत नारळीभाताला या." मी गेलो, पण भातासाठी नाही. स्पष्ट सांगायचं ठरवलं होतं, काका, मी हरलो, गाडी भंगारात द्या, काकींसाठी महिन्याच्या बोलीवर ॲम्ब्युलन्स लावा, मी माझ्याकडून मदत करतो. वाटेत हे वाक्य मी दहा वेळा मनात म्हणून बघितलं. दर वेळी 'मी हरलो' पाशी अडकायचो.

मोठागावात त्यांच्या घरापासून बंदर दिसतं. लोक सोन्याचा कागद लावलेला नारळ घेऊन वाजतगाजत खाडीकडे निघाले होते. काकांचं घर मात्र शांत. अंगणात गाडी. तिला झेंडूचा हार. बॉनेट उघडं. काका नवं धोतर नेसून, डोक्यावर लाल टोपी घालून गाडीसमोर उभे होते, आणि हातातल्या तांब्याने इंजिनावर पाणी घालत होते. बारीक धार. अगदी मन लावून, पिंडीवर घालावी तशी.

मी फाटकातच थांबलो. पाणी एअर फिल्टरवरच्या हळदकुंकवावरून ओघळत वायरिंगच्या जाड वेटोळ्यावर आलं, वेटोळ्यावरून पुढे सरकलं आणि बॅटरीखाली जाऊन दिसेनासं झालं.

ते हळदकुंकू मी दर वेळी फडक्याने पुसत आलो होतो. "इंजिन आहे का देव्हारा?" असं म्हणत पुसत आलो होतो. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक गाडीला काहीतरी असतं, लिंबू, मिरच्या, कुंकू, काळी बाहुली. त्यामुळे दिसत असून मला ते कधी दिसलंच नाही.

"काका! काय करताय हे?"

"ये ये मिस्त्री. पुनव हाय ना आज."

"पाणी कसलं आहे?"

"खारीचा. भरतीचा पानी. होरीचे नालीला, पुरचे टोकाला, घालायचो ना, आमचे घरची रीत हाय, पुनवेला नि आवसेला. आता होरी नाय, तर गारीला." त्यांनी तांब्या उपडा करून उरलेले थेंबही झटकले. "हिला डायलिसिस लागला ना, तवापासून चालू केला. आवडाच बोलली. आता गारीच आपली होरी, तीच मना पलीकरं नेते नि परत आनते."

मी खिशातून मोबाइल काढला. काकांचे कॉल शोधले, मग कॅलेंडर उघडलं. मे महिन्यात बंद पडली, पौर्णिमेनंतर तिसरा दिवस. जून, अमावास्येनंतर चौथा. पुलावरचा शनिवार, गटारीनंतर दुसरा दिवस. खाडीचं खारं पाणी कपलरमध्ये उतरत होतं, दोन-तीन दिवसांत आतल्या पिना खात होतं. मी पूड झाडायचो तेवढ्यापुरती गाडी सुधारायची, आणि नवीन घातलेल्या रिलेला मी शाबासकी द्यायचो. पंधरा दिवसांनी परत तांब्याभर.

माझं डोकं फिरलं. कशावर फिरलं ते आज सांगता येईल, माझ्यावरच. पण तेव्हा समोर काका होते.

"अहो, ह्याच पाण्याने मरतेय गाडी! मिठाचं पाणी विजेच्या जोडात घालताय तुम्ही! दोन वर्षं! मी इथे रिले बदलतोय, सेन्सर बदलतोय, लोकांसमोर तोंड काळं करून घेतोय, आणि तुम्ही हातात तांब्या घेऊन..."

दक्षता हातातलं ताट घेऊन दारात आली आणि तशीच उभी राहिली. काकांनी तांब्या हळूच जोत्यावर ठेवला. मोठ्या माणसावर मी असा कधी ओरडलो नव्हतो.

ओटीवर काकी आरामखुर्चीत होत्या. हातात स्टीलचा छोटा पेला. डॉक्टरांनी त्यांना दिवसाला तीन पेले पाणी सांगितलं होतं, सगळं मिळून, चहासुद्धा त्यातच. त्या पेला ओठाला लावायच्या आणि न पिता खाली ठेवायच्या. पंधरा दिवसांत त्या अर्ध्या झाल्या होत्या.

"दर्यान पोसलेली मानसा आमी," त्या मला म्हणाल्या, आवाज बारीक. "खारा पानी कुनाचा वाईट करंल, असा मनात पन आला नाय रं."

"काकी, होडी लाकडाची असते. हिच्यात कंप्युटर आहे."

"हां." त्यांनी मान हलवली. मग काकांना म्हणाल्या, "नको घालू आजपासून. मिस्त्री बोलतो ते आयक. पन गारीला तसा सांग एकदा. तिला वाटाया नको, इसरलो म्हनून."

काका गाडीजवळ गेले. हार सरळ करण्याच्या निमित्ताने बॉनेटपाशी वाकून काहीतरी पुटपुटले. मी तिकडे बघितलं नाही. मी तो कपलर कापून टाकला, नवीन बसवला, वायरी सोल्डर केल्या, वर रबराची टोपी चढवली. अर्ध्या तासाचं काम. मग नारळीभात खाल्ला, दोनदा वाढून घेतला.

निघताना काकी म्हणाल्या, "वाचली रं तुझी मिशी."

त्यानंतर गाडी एकदाही बंद पडली नाही. ऑगस्ट, सप्टेंबर, ऑक्टोबर. नवरात्रात टेंभी नाक्याला गर्दीमुळे रस्ते बंद, तर काका लांबचा फेरा मारून न्यायचे, पण वेळेवर न्यायचे. येताजाता दुकानासमोर हॉर्न द्यायचे. मी पान्हा वर करून दाखवायचो. गल्लीत मी परत शहाणपण मिरवायला लागलो. गाडीत पाणी घालणाऱ्या माणसाची गोष्ट, नाव न घेता, मी कंडक्टरांना रंगवून सांगितली. तेही हसले. त्याची मला आता लाज वाटते.

दिवाळी झाली आणि नंतरच्या बुधवारी सकाळी दक्षताचा फोन आला. आई गेली. डायलिसिसचा दिवस नव्हता. मंगळवारी वेळेवर नेलं होतं, वेळेवर आणलं होतं. दिवाळीसाठी माहेरी राहिलेली दक्षता सकाळी चहा घेऊन गेली तर अंग थंड. डॉक्टर म्हणाले, हृदय थकलं होतं, आज ना उद्या होणारच होतं.

मी मोठागावात गेलो. गाडी अंगणात दाराकडे तोंड करून उभी होती, टाकी भरलेली.

तेरावं झाल्यावर काका दुकानात आले. गाडी चालवत आले. मी हातातलं काम टाकून स्टूल पुढे केलं, ते बसले नाहीत. दाढी वाढलेली, लाल टोपी नव्हती.

"मिस्त्री, एक इचारायचा हाय. खरा सांग."

"विचारा, काका."

"गावान बायका बोलतान, घरची रीत मोरली, म्हनून आवडा गेली. मी बोललो, नाय. मिस्त्रीन बघलेला, पान्यानच गारी बंद परत व्हती. बरोबर?"

मी मान हलवणार होतो. काका पुढे बोलले.

"मंग रातभर परून इचार करत व्हतो. पान्यान बंद परत व्हती, मंग पुलावर बंद परली ती पन माझेच पान्यान. नाय का? ती आयसीयूत गेली, तिकरून ती उठलीच नाय धर. मंग मीच घातला ना तो पानी? माझेच हातान?"

त्यांनी हात पुढे केला. उजवा. त्या हाताकडे ते असे बघत होते की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मला आयुष्यात प्रश्नाचं उत्तर द्यायला वेळ लागत नाही. बरोबर असो वा चूक, मी ठोकून देतो. त्या दिवशी मी डेपोतून बाहेर पडणाऱ्या दोन एसट्या जाऊ दिल्या. हो म्हटलं, तर ह्या माणसाने आपल्याच हाताने बायकोला पुलावर अडकवलं, हे मी त्याला लिहून दिल्यासारखं होतं. नाही म्हटलं, तर मी त्यांना रीत मोडायला लावली ती फुकट, आणि बायका म्हणतात ते खरं. तिसरं उत्तर मी खूप शोधलं. मला सापडलं नाही.

"नाही, काका," मी म्हणालो. "पाण्याने नाही. फॉल्ट मला सापडलाच नव्हता."

"मंग कपलर?"

"तो असाच बदलला. काहीतरी केलंसं दिसावं म्हणून. गाडी आपली आपण सुधारली."

काकांचा हात खाली आला. खांदेही खाली आले. कितीतरी दिवसांनी श्वास सोडावा तसा त्यांनी श्वास सोडला, आणि मला वाटलं, झालं, जमलं. मग माझ्या बोलण्याचा दुसरा अर्थ त्यांच्यापर्यंत पोचला. मला तो त्यांच्या डोळ्यांत येताना दिसला.

"मंग मना पानी बंद कराय कशाला लावलास?"

मी पुढे केलेलं स्टूल परत बाजूला सरकवलं.

"तिचेसमोर ओररलास माझेवर. सनाचे दिवशी. तिनं तुझा आयकला." त्यांचा आवाज चढला. दोन वर्षांत पहिल्यांदा. "मिशीवाला मिस्त्री!"

ते गाडीत बसले. एका सेल्फला चालू झाली. मी केलेलं काम इतकं पक्कं होतं. गाडी गल्लीच्या टोकाला वळेपर्यंत मी बघत राहिलो, मग शटर अर्धं ओढून आत बसलो.

संध्याकाळी टेंभी नाक्याजवळच्या सलूनमध्ये जाऊन मिशी उतरवली. न्हावी तयार होईना. वीस वर्षांचा ओळखीचा, म्हणाला, "दादा, काही झालंय का घरी?" मी म्हटलं, चालव वस्तरा. शब्द दिला होता, फॉल्ट सापडला नाही तर उतरवीन. सापडला नाही असं सांगून बसलो होतो, तर ते पुरतं निभवायला हवं होतं. दुसऱ्या दिवशी गल्लीतला जो तो माझ्या तोंडाकडे बघून आवाज खाली आणायचा. आमच्यात मिशी उतरते ती आई-बाप गेल्यावर.

"कोण गेलं, सुधीरभाऊ?"

"काकी," मी सांगायचो. त्यात खोटं काही नव्हतं.

तीन आठवड्यांनी, शनिवारी सकाळी, काकांचा फोन आला. मला वाटलं नव्हतं की ते परत कधी करतील.

"मिस्त्री. पुलावर हाय. बंद परली."

विचारलं नाही, पण मला कळलं. शनिवार. ह्या वेळी पुलावर. काका अजून मंगळवार, गुरुवार, शनिवार नौपाड्याला जात होते.

मी स्कूटर काढली. मार्गशीर्षातलं कोवळं ऊन होतं, खाडीवर धुकं. गाडी जवळपास त्याच जागी उभी होती. काका बाहेर आले, माझ्या तोंडाकडे बघितलं. वरच्या ओठावर त्यांची नजर बराच वेळ थांबली. मग त्यांनी बॉनेटची कळ ओढून दिली.

मी बॉनेट उचललं. एअर फिल्टरवर ताजं हळदकुंकू. झेंडूची एक पाकळी वायरिंगला चिकटलेली. दोन दिवसांपूर्वी पौर्णिमा झाली होती. रबराची टोपी कोणीतरी नीट काढून बाजूला ठेवली होती, पाणी आत जावं म्हणून नव्हे, धार सगळीकडे लागावी म्हणून. टोपीखाली, मी सोल्डर केलेल्या जागेशेजारी, पांढरी-हिरवी पूड धरायला लागली होती. डोळे मिटून हात घातला असता तरी फॉल्ट सापडला असता. अर्ध्या मिनिटाचं काम.

"परत तसाच हाय ना?" काकांनी विचारलं. "कुठं हाय ते समजत नाय ना?"

"नाही, काका. समजत नाही."

त्यांनी मान हलवली. मग मागचा दरवाजा उघडून आत चढले आणि खाटेच्या कडेवर बसले. गादी तशीच होती, उशी तशीच. त्यांनी जाळ्याची दोरी हातात धरली.

मी टेस्ट लॅम्पचा चिमटा बॅटरीच्या मायनसला लावला आणि कपलरकडे पाठ करून, सगळ्यात लांबून, पुढच्या डाव्या हेडलाइटच्या वायरपासून सुरुवात केली. बल्ब लागला. पुढची वायर. तिथेही लागला.

"टाइम लागंल का रं?" आतून आवाज आला.

"लागेल, काका."

"लागू दे," ते म्हणाले. "आता कुनाला जायचाय वेलेवर."